पट्टीला वाहिलेलं फूल

नाव : योगिता आप्पाराव तांदळे. हुद्दा : प्रमुख, लवचीक संरचना कंपन नियंत्रण प्रयोगशाळा. नेमणूक : तासिका तत्त्वावर. हाताखालील कर्मचारी : शिपाई अर्जुनराव, तेही अर्धे; उरलेले अर्धे वर्कशॉपचे.

प्रयोगशाळा म्हणजे एक खोली. खोलीत एका टोकाला घट्ट आवळलेली ॲल्युमिनियमची पातळ पट्टी. टिचकी मारली की ती थरथरते. मग मुळाशी चिकटवलेल्या पिझोच्या चकत्यांना वीज द्यायची. त्या किंचित आखडतात, पसरतात आणि पट्टी जिकडं जाईल त्याच्या उलट ओढून तिला क्षणात गप्प करतात. एवढं जमवण्यात योगिताची उमेदीची वर्षं गेली. ती रोज कडा गावाहून ज्या एसटीनं येते, त्या एसटीला असलं काही कुणी बसवलेलं नाही.

यंदा कॉलेजची तपासणी कमिटी आली ती नेमकी खंडेनवमीला. प्रयोग दिसला तर खोली राहणार, नाही तर तिथं मोडकी बाकं रचायची असं ठरलेलं. एसटी उशिरा पोचली. योगिता आत शिरली तर कमिटी खुर्च्यांवर बसलेली, आणि पट्टीच्या मोकळ्या टोकाला हळदकुंकू लावून दोऱ्यानं बांधलेलं टपोरं झेंडूचं फूल.

"अर्जुनराव, हे काय?"

"लेथला वाहिलं, ड्रिलला वाहिलं. हिनंच काय घोडं मारलंय, मॅडम?"

"अहो, वजनानं तिची चाल बदलते." तिनं फुलाला हात घातला.

"असू द्या, मॅडम," कमिटीचे अध्यक्ष म्हणाले. "सणाची पूजा मोडू नये. करा सुरू."

एरवी ती भांडली असती. पण कड्यापासून उभ्यानं आलेल्या माणसाचं भांडण बसमध्येच संपतं. तिनं टिचकी मारली, बटण दाबलं. चकत्या बिनफुलाच्या पट्टीच्या तालावर ओढत होत्या, पट्टी फुलाच्या तालावर हलत होती. थरथर वाढतच गेली. पाकळ्या टेबलावर सांडू लागल्या.

"लई दम हाय की हिच्यात," अर्जुनराव कौतुकानं म्हणाले.

बाहेर जेवणाची ताटं वाजली. अध्यक्ष उठले आणि जाता जाता त्यांनी पट्टीवर बोट ठेवलं.

"थांबली की! छान."

योगितानं तोंड उघडलं. मोडकी बाकं डोळ्यांपुढं आली. तिनं तोंड मिटलं.

अहवाल आला : 'कंपनांवर समाधानकारक नियंत्रण आढळून आले. सबब प्रयोगशाळा सुरू ठेवण्यास हरकत नाही.'

पट्टी अध्यक्षांच्या बोटानं थांबली होती.