हुमनाबादेत केलेली जहाजाची उशी

केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेल्या मुलीनं शाळेत शिकवावं, हे आमच्या गावानं माझ्या वतीनं ठरवून टाकलं होतं. गाव चिटगुप्प्यापासून जवळच. अप्पांनी मात्र तसं काही ठरवलं नव्हतं. अप्पा म्हणजे माझे वडील. तूर आणि ऊस पिकवणारे, आणि बाजारात कन्नड, मराठी, उर्दू यांपैकी समोरचा जी बोलेल तीत भाव करणारे. हुमनाबादला हायवेच्या कडेला तेव्हा नवी औद्योगिक वसाहत उभी राहत होती. तिथल्या फोमच्या कारखान्यात माल तपासायला शिकलेलं माणूस पाहिजे, असं त्यांच्या कानावर आलं आणि दुसऱ्याच दिवशी ते मला घेऊन मालकांसमोर उभे राहिले.

मालकांना सगळे अण्णा म्हणत. पूर्वी स्वतः लॉरी चालवायचे, मग लॉऱ्यांचे मालक झाले, मग हा कारखाना काढला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अप्पांना विचारलं, "पोरीला जमंल का हितं? दिवसभर रबराचा वास ऱ्हातोय."

"म्हशीच्या गोठ्यात वाढलीय ती," अप्पा म्हणाले. "तुमच्या रबराचं काय घेऊन बसलात?"

अशी मला नोकरी लागली. ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं.

कारखान्यात लॉरीच्या सीटच्या गाद्या होत, आणि चपलांच्या तळव्यांसाठी घट्ट फोमचे तक्ते होत. पहिली काही वर्षं मी तेच तपासलं. मग एकदा अण्णा साखरेच्या लॉऱ्यांबरोबर पश्चिम किनाऱ्यावरच्या एका बंदरात गेले आणि परत आले ते वेगळाच विषय घेऊन. आम्हा सगळ्यांना त्यांनी अंगणात गोळा केलं.

जहाज धक्क्याला लागतं तेव्हा मध्ये एक मोठी उशी तरंगत ठेवतात, तिला फेंडर म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. त्या बंदरात हवा भरलेले फेंडर होते आणि त्यातले बरेचसे फुटून काठावर पडले होते. आत फोम भरलेले फेंडर फुटत नाहीत, पण ते परदेशातून यायचे आणि यायला फार वेळ लागायचा. तिथल्या इंजिनियर साहेबांनी हे बोलून दाखवलं आणि अण्णा तिथल्या तिथे म्हणाले, "आम्ही करून देतो."

आमच्यापैकी एकानंही समुद्र पाहिलेला नव्हता.

घरी मी हे सांगितलं तेव्हा अप्पांना एकच शब्द अडला. "धक्का म्हंजे? कुणाला धक्का?"

"जहाज लागायची जागा, अप्पा. बांधलेला काठ. त्याला धक्काच म्हणतात."

"म्हंजे धक्क्याला धक्का बसू न्हाई म्हणून तू नोकरी करायलीस, व्हय?" हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की पुढे आठवडाभर ते भेटेल त्याला ऐकवत होते.

पहिला प्रश्न होता आत कोणता फोम भरायचा. अण्णांनी ते काम माझ्यावर सोपवलं. गादीचा फोम मऊ आणि स्वस्त, पण त्याची छिद्रं एकमेकांत उघडतात. चपलेच्या फोमची छिद्रं बंद असतात, निदान पुस्तकात तसं होतं. मला पुस्तकावर भागवायचं नव्हतं. मी दोन्ही फोमचे तुकडे वजन करून घरी नेले, त्यांना दगड बांधले आणि आमच्या मळ्यातल्या विहिरीत सोडले. तसेच आणखी तुकडे कारखान्यात मिठाच्या पाण्याच्या पिंपात बुडवले.

आई विहिरीवर आली आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "पंधरा-सोळा वर्षं शिकवलं पोरीला," ती अप्पांना म्हणाली, "आन् ही हिरीत गाद्या भिजवायलीय."

"भिजव म्हणावं," अप्पा म्हणाले. "पाणी काय कमी होत न्हाई त्यानं."

काही आठवड्यांनी तुकडे वर काढले. गादीचा फोम ओढताना दोराला अप्पांनाही हात लावावा लागला, इतकं पाणी तो प्यायला होता. चपलेचा फोम दगड सोडताच हातातून निसटून वर तरंगला. मी तो विळीवर मधोमध चिरला. आत कोरडा ठाक. आईनं बोट लावून पाहिलं, पदराला पुसलं, आणि पुसण्यासारखं काही नव्हतं हे तिच्या लक्षात आलं. त्यानंतर तिनं विहिरीचा विषय काढला नाही. शेजारणींना मात्र तो तुकडा दाखवत होती.

दुसरा प्रश्न जास्त अवघड निघाला. बंद छिद्रांचा फोम घ्यायचा हे ठरलं, पण किती कडक? आम्ही एक मऊ, एक मधला आणि एक कडक असे तीन नमुने केले. तक्ते तापवून एकावर एक गुंडाळले की जाड लोडासारखा आकार यायचा. ते दाबून बघायला आमच्याकडे यंत्र नव्हतं. गुलबर्ग्यात कापसाच्या गाठी बांधायचं एक प्रेस अण्णांच्या ओळखीचं होतं. आम्ही नमुने लॉरीत टाकून तिकडे नेले.

मऊ नमुना प्रेसखाली गेला आणि पोळीसारखा चपटा झाला. जहाज आलं असतं तर सरळ दगडी काठावर आपटलं असतं. कडक नमुन्यावर दाब आला तेव्हा प्रेसवरचा दाबाचा काटा सरसर वर चढला आणि नमुना जेमतेम दबला. अण्णा खूश. "बघा! हाय का कुठं हलायलाय? ह्योच द्यायचा."

मधला नमुना हळूहळू दबत गेला, अर्ध्याहून खाली गेला, आणि प्रेस उचलल्यावर तसाच हळूहळू उठला. मी म्हणाले, "अण्णा, हा द्यायचा."

"कामून? ह्यो तर दबतोय."

"दबायलाच पाहिजे. जहाजाची कूस लोखंडी पत्र्याची असते. कडक लोड लावला तर धक्का वाचेल, पण पत्र्याला पोचा पडेल. दोघांनाही वाचवायचंय."

"लॉरीचं बंपर कडकच असतंय की."

"आणि सीट? सीटमध्ये आपण फळी कामून घालत न्हाई?"

अण्णांनी नमुने लॉरीत चढवायला सांगितले. पटलं म्हणून की राग आला म्हणून, ते मला कळलं नाही. परतीच्या वाटेत ते ड्रायव्हरशी बोलले, माझ्याशी नाही. हुमनाबाद आल्यावर एवढंच म्हणाले, "मोठे दोन करू. एक कडक, एक तुझा. साहेब निवडतील."

वरचं आवरण केलं जुन्या टायरांवर नवं रबर चढवून ते रिमोल्ड करणाऱ्या चाचांनी. हायवेवर त्यांचं दुकान होतं. त्यांनी रबरात नायलॉनच्या दोऱ्यांचे थर आडवे-उभे बसवले. "टायर को हवा लगती, इसकू नहीं लगती. बस इत्ताच फरक है बेटी," असं म्हणत त्यांनी दोन्ही लोड असे शिवले-सांधले की सांधा शोधावा लागे. मधून लोखंडी पाइप घातला, दोन्ही टोकांना कड्या बसवल्या, वर जुन्या टायरांची साखळीनं विणलेली जाळी चढवली. बैलगाडीएवढे दोन काळे लोड अंगणात आडवे पडले, तेव्हा रस्त्यावरचे लोक आत येऊन बघून जायचे. "सर्कस येणार का?" असं ढाब्यावरच्या एकानं विचारलं होतं.

इंजिनियर साहेब बसनं आले. कोकणातले, उंच, किडकिडीत, कमी बोलणारे. त्यांनी आधी दोन्ही फेंडर गावाबाहेरच्या तलावात सोडायला लावले. पोरंठोरं, म्हातारे, चहावाले सगळे काठावर. साहेबांनी पहार मागवली आणि स्वतः पाण्यात उतरून दोन्ही फेंडरांना खोल भोसकलं. काठावरून "अरारा" असा आवाज उठला. चाचांनी तर तोंडच फिरवलं. पण फेंडर जसे होते तसेच तरंगत राहिले. साहेब ओल्या पँटीनं वर आले आणि पहिल्यांदा हसले.

मग गुलबर्ग्याला जाऊन दोन्ही फेंडरांचे लहान नमुने पुन्हा त्यांच्यासमोर दाबले. ते काट्याकडे बघत होते, वाकून उंची मोजत होते. शेवटी अण्णांकडे वळले. "मालक, तुम्ही कोणता द्याल?"

मी खाली बघत उभी होते. अण्णा म्हणाले, "खरं सांगू साहेब? माझं मन कडक मालावर हाय. पण मी लॉरीवाला माणूस. तपासलंय तिनं. तिला इचारा."

कारखान्यातली सगळी माणसं लॉरीत बसून तिथं आली होती. त्यांच्यासमोर, आपलं मत बाजूला ठेवून, त्यांनी मला पुढे केलं. मी आवाज शक्य तितका सरळ ठेवून सांगत गेले. विहिरीतले तुकडे, मिठाचं पाणी, काटा कुठे कसा चढला, पत्र्यावर किती जोर उलटेल. साहेबांनी मध्ये मध्ये अडवून प्रश्न विचारले. उन्हानं काय होईल? तेल लागलं तर? जी उत्तरं होती ती दिली. मग त्यांनी विचारलं, "जहाज रात्रभर रेलून राहिलं तर सकाळी हा पुन्हा फुगेल?"

"माहीत नाही," मी म्हणाले. "ते बघितलेलं नाही. आज दाबून ठेवू आणि उद्या मोजू."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. होय म्हणून मोकळी का झाली नाही, असं त्यांच्या मनात आलं असावं. साहेबांनी मात्र हातातली बॅग खाली ठेवली. "मग मी थांबतो," ते म्हणाले.

दोन्ही नमुने दाबून ठेवले. सकाळी प्रेस उचललं. आम्ही गोल करून उभे. कडक नमुना एका बाजूला चिरला होता. त्याच्या थरांतला एक सांधा सुटला होता. मधला हळूहळू उठत होता. चहा येईपर्यंत तो जवळजवळ पहिल्या उंचीवर आला. बोटभर कमी. साहेबांनी पट्टी लावून पाहिलं आणि म्हणाले, "हा घेऊ. एवढं कमी होणार हे धरूनच आकार मोठा करा." मग माझ्याकडे वळून, "बाई, काल तुम्ही 'माहीत नाही' म्हणालात ना, ते बरं केलंत. मी तेवढ्यासाठीच राहिलो."

आकार वाढवून नवा फेंडर केला, मग त्याचे जोडीदार केले, आणि ते लॉऱ्यांवर दोरखंडांनी आवळून पश्चिमेला गेले. पहिल्याच खेपेला अण्णांनी मला आणि अप्पांना जीपमधून नेलं. "निवडलंय तिनं, लागताना बघू दे की तिला," ते अप्पांना म्हणाले.

समुद्राबद्दल काय सांगू? मला तो आधी दिसलाच नाही. मी धक्क्यावर पोचले ती थेट काठाशी गेले आणि खाली वाकून आमचे फेंडर शोधले. ते साखळीला बांधलेले, हलक्या लाटांवर वर-खाली होत होते. मगच मान वर केली आणि एवढं सगळं पाणी दिसलं.

थोड्या वेळानं मालाचं एक जहाज आत आलं. फार मोठं नव्हतं, पण आमच्यासाठी चालत येणारी भिंतच. वारा होता, आणि जहाज तिरकं, जरा जोरातच येत होतं. काठावरची माणसं दोर घेऊन पळत होती. अप्पांनी माझा दंड पकडला. जहाजाची कूस आमच्या पहिल्या फेंडरला टेकली. टायर करकरले, काळा लोड दबत गेला, दबत गेला, मला वाटलं आता संपला. आणि तिथं जहाज थांबलं. क्षणभर तसंच राहिलं. मग फेंडरनं त्याला हळूच, एखाद्या मोठ्या जनावराला बाजूला सारावं तसं, मागे सारलं.

आपटल्याचा काहीही आवाज झाला नाही. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी वळूनही पाहिलं नाही. माणसं दोर बांधून माल उतरवायच्या तयारीला लागली. इंजिनियर साहेब माझ्याजवळ आले. "इथं कुणी काही बोललं नाही, म्हणजे काम नीट झालं," ते म्हणाले. अण्णांनी टोपी काढून कपाळ पुसलं. त्यांचे डोळे भरले होते आणि ते लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

अप्पा तेवढ्यात दोर बांधणाऱ्या एका म्हाताऱ्या खलाशापाशी जाऊन उभे राहिले होते. तो दख्खनी उर्दू समजणारा निघाला, मग काय! "ये देखो," अप्पा फेंडरकडे बोट दाखवत होते, "हमारे हुमनाबाद का है. मेरी बच्ची ने छाँटा."

"हुमनाबाद? कौनसे समंदर पे है?" खलाशानं विचारलं.

"समंदर नहीं है," अप्पा छाती काढून म्हणाले. "बावडी है."

त्या दिवशी जेवायची वेळ टळून गेली तरी अप्पा धक्क्यावरून हलायला तयार नव्हते. भरती येत होती. पाणी दगडी काठाच्या पायऱ्या एकेक करून चढत होतं, आणि त्याच्याबरोबर जहाज, आणि जहाजाबरोबर आमचे फेंडर. मी त्यांना सांगितलं, म्हणूनच तर हे तरंगते लागतात, अप्पा, काठाला ठोकून बसवले तर पाणी वर गेलं की ते खालीच राहतील. त्यांनी मान डोलावली. आम्ही दोघं बाजूबाजूला बसून फेंडर वर चढताना बघत राहिलो, आणि मला एवढा अभिमान वाटत होता की ऊन लागतंय हे माझ्या ध्यानातच आलं नाही.