इंदूच्या खुणा

माझी बायको इंदू कुठलीही वस्तू हातात घेतली की आधी तिच्यावर बोटाचं पेर वाजवून बघायची. नारळ, मडकं, नवी बादली, काहीही. एकदा मी तापानं पडलो, तर माझ्या कपाळावरही वाजवलं. म्हणाली, "रिकामंच हाय की वं!"

ही सवय कारखान्यातली. बेळगावच्या उद्यमबागेत बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे, पंप ओतणाऱ्या एका कारखान्यात आम्ही दोघं होतो. मी साचे भरायचो. पंप आतनं पोकळ राहावा म्हणून साच्यात वाळूचा भाजलेला गड्डा बसवतात, त्याला कोअर म्हणतात. लाकडी पेटीत वाळू ठासून आठ बायका ते कोअर काढायच्या. इंदू त्यातली. भाजून आलेला कोअर ती पेर वाजवून ऐकायची. कच्चा असला की बाजूला. तिचा कान चुकलेला मी पाहिला नाही.

आठजणींपैकी एकीलाही वाचता येत नव्हतं. दर पंपाची पेटी निराळी, म्हणून इंदूनं प्रत्येक पेटीवर रंगानं खूण काढली होती. पोपट, कोयरी, विळा, तुळस. मिस्त्री दारातनं ओरडायचा, "इंदूआक्का, आज पोपट चाळीस!" की काम सुरू.

ऐंशी सालाच्या पुढं कधीतरी मालकांनी कॉम्प्युटर आणला. त्याला काचेची खोली, गार हवा, चपला बाहेर. तो चालवायला पुण्याहून वझे साहेब आले. कुठली ऑर्डर, किती कोअर, कुठली पेटी, सगळं यंत्र सांगणार. प्रत्येक पेटीला नंबर मिळाला. मालक म्हणाले, जुने रंग काढून पेट्या स्वच्छ करा. एका रविवारी घासकागद घेऊन त्या खुणा मीच घासून काढल्या. घरी इंदूला बोललो नाही. हुकूम होता, केलं.

सोमवारी ती कोऱ्या पेटीवरनं हात फिरवत राहिली. "पोपट कुणी मारला गं?" बायकांना म्हणाली. मी मान खाली घालून वाळू चाळत होतो.

यंत्रातनं इंग्रजी चिठ्ठी यायची. मिस्त्री नंबर वाचायचा, बायका "व्हय, व्हय" म्हणायच्या. परत विचारलं तर अडाणी ठरू, ही भीती. मग व्हायचं तेच झालं. पोपट आणि कोयरी या पेट्या जुळ्या, फरक बोटभर. चुकीचे कोअर निघाले, मीच ते साच्यात बसवले, आणि त्या पाळीचे सगळे पंप भंगारात गेले.

मालक आले आणि म्हणाले, "नंबर वाचणाऱ्या बायका आणा. ह्यांना शनिवारी घरी पाठवा." बाकीच्या जणी रडायला लागल्या. इंदू उठली आणि वझे साहेबांपुढं जाऊन उभी राहिली.

"साहेब, तुमचं यंत्र कुणाच्या कामाचं?"

"सगळ्या कारखान्याच्या."

"मग कारखान्यात कधी बसलासा? तुमी काचंत बसतासा. ज्याच्या हाताला वाळू, त्याला आधी इचारा की!"

माणूस भला होता. त्यांनी मालकांकडून पंधरा दिवसांची मुदत मागून घेतली आणि दुसऱ्या दिवशी पँट दुमडून बायकांत येऊन बसले. स्वतः कोअर काढला. इंदूनं तो पेर वाजवून परत दिला. "कच्चा हाय. तुमच्यावानीच." बायका हसल्या, साहेबही हसले. चौथ्या दिवशी त्यांनी तिच्यापुढं रंगाचा डबा ठेवला. "आक्का, खुणा परत काढा. मी यंत्राला शिकवतो."

ती काढत गेली, ते लिहीत गेले. पुढच्या चिठ्ठीवर नंबराशेजारी इंग्रजी अक्षरांत पोपट आला, आणि मिस्त्री परत 'पोपट' ओरडायला लागला. मालक म्हणाले, "एवढं यंत्र आणलं ते पोपट छापायला?"

"छापू दे की मालक," इंदू म्हणाली. "पंप नीट निघतोय न्हवं?"

निघत होता. मुदत संपली तरी एकही पंप भंगारात गेला नाही. आठही जणी कामावर राहिल्या, यंत्रही राहिलं. पुण्याला परत जाताना वझे साहेब तिच्या पाया पडायला वाकले. ती मागं सरली. "ऱ्हाऊ दे. जिथं जाशीला तिथं आधी खाली बसत जावा."

खुणा मी घासल्या, हे तिला ठाऊक होतं. भांडली नाही. एकदाच भाकरी थापता थापता म्हणाली, "एक डाव इचारायचं तरी. घरातच व्हतो की मी."

ती 'व्हतो' म्हणायची, सदलग्याची होती; तिकडच्या बायका पुरुषांसारखंच 'व्हतो' म्हणतात.

गेल्या श्रावणात इंदू गेली. वाळूची धूळ छातीत बसलीय, असं डॉक्टर म्हणाले. इतकी वर्षं सगळ्या कोअरांचा आवाज ऐकणारी बाई, आणि तिच्या छातीचा आवाज मला ऐकू आला नाही. खोकला आहे म्हणायचो, नि जेवायला बसायचो.

आता स्वयंपाक मीच करतो. फळीवर तिचे डबे आहेत, प्रत्येकावर तिची खूण. उघडून उघडून शिकलो. विळा म्हणजे मीठ. तुळस म्हणजे जिरं. एका डब्यावर पोपट आहे आणि तो रिकामा आहे. आत काय ठेवायची, मला माहीत नाही. ह्या घरात जन्मभर जेवलो, कधी विचारलं नाही.

काल तो डबा खाली घेतला. वास घेतला, वास नाही. मग तिच्यासारखं पेर वाजवून बघितलं. मला त्यातलं काही कळत नाही.