तीनशे ठरलंय

बीडच्या पोस्टात शिरलो की आधी शिक्क्याच्या गादीचा वास येतो. ओलसर, किंचित कडवट, जांभळा म्हणावा असा वास. खिडकीपलीकडच्या बाई मनीऑर्डरच्या पावतीवर धाडकन शिक्का मारतात आणि मला दर वेळी शेळ्यांचा बाजार आठवतो. तिथे सौदा झालेल्या जनावराच्या पाठीवर रंगाचा पट्टा ओढतात, त्या रंगाला असाच वास असतो. पट्टा ओढला की बोलणं संपलं. मग कुणी दुप्पट भाव देवो, ते जनावर आता दुसऱ्याचं. पावती घडी घालून खिशात ठेवता ठेवता मी मनाने बाजारात पोचतो, आणि बाजारात पोचलो की अण्णापाशी.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. हे पैसे त्यालाच जातात. सहा तासांच्या वाटेवर एक मोठा तुरुंग आहे, तिथे तो शिक्षा भोगतो आहे. धारूरच्या डोंगरात चराईवरून भांडण पेटलं, काठ्या निघाल्या, अण्णाची काठी समोरच्याच्या डोक्यात बसली आणि तो माणूस वाचला नाही. कोर्टात अण्णाने काही लपवलं नाही. सात वर्षं मिळाली.

आमचं मूळ गाव नांदूरघाटाजवळ. घरात पिढ्यान्‌पिढ्या शेळ्यामेंढ्या. पण जनावर राखणं वेगळं आणि विकणं वेगळं, आणि विकण्यात अण्णाचा हात धरणारा तालुक्यात कुणी नव्हता. आमच्याकडे भाव तोंडाने बोलत नाहीत. उपरण्याखाली दोघांचे हात जातात आणि बोटं दाबून आकडा सांगितला जातो. वर चेहरे कोरडे, गप्पा पावसापाण्याच्या, आणि खाली बोटांची झटापट चाललेली. अण्णाने मला हे शिकवलं ते रोज जेवणानंतर, पांघरुणाखाली हात घालून. त्याची बोटं खरखरीत आणि ऊबदार. मी घाईने आकडा दाबला की तो हसायचा. "एवढी कावून घाई बे? समोरचा काय पळून चाललाय?" चिडायचं नाही, हे मात्र तो मला शिकवू शकला नाही. मी आजही चिडतो.

त्याच्यावर तर वीस वर्षं चिडलेलो आहे. वडील गेल्यावर कळपाची वाटणी झाली आणि ती अण्णाने केली. बरोबर निम्मंनिम्मं, असं चार माणसांदेखत बोलला. काही शेळ्या मात्र धारूरकडे मावशीच्या रानात चरायला होत्या. त्या मोजणीत आल्याच नाहीत. मी बोललो नाही. घर सोडलं, बीडला आलो, एका बोकडाचे दोन केले, दोनाचे दहा. आज माझे स्वतःचे दोन टेम्पो आहेत, आणि त्यात कुणाचा पैसा नाही. पण गाडीत बकरं चढताना दिसलं की आतून कुणीतरी म्हणतं, मावशीच्या रानातल्या माझ्या होत्या.

ह्या रागापायीच मी शिक्षा लागल्यावर आठ महिने भेटीला गेलो नाही. शेवटी वहिनीने निरोप धाडला, "भावजी, ते आता काहीच मागत न्हाईत. चहा न्हाई, साबण न्हाई. दिलं तर खातेत." तेव्हा गेलो. मध्ये काच, दोन्ही बाजूंना फोन. अण्णा वाळला होता. मी विचारलं, "महिन्याला किती पाठवू?" तो म्हणाला, "पाचशे." आणि माझ्या तोंडून, देवाशप्पथ सांगतो, काही कळायच्या आत निघून गेलं, "तीनशे!"

ती कंजुषी नव्हती. तीस वर्षांची सवय होती. समोरच्याने आकडा टाकला की आपण खालचा टाकायचा, मग दोघांनी मधे कुठेतरी भेटायचं. मी वाट बघत होतो, तो आता साडेचारशे म्हणेल, मला शिवी देईल. अण्णा म्हणाला, "बरं." आणि फोन ठेवला.

पहिल्या भावाला हो म्हणणारा माणूस बाजारात उभाच नसतो. तो मनाने कधीच उठून गेलेला असतो. परतीच्या एसटीत मला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. घरी येताच हजाराची मनीऑर्डर केली. ती परत आली. वहिनीमार्फत दोनच शब्द आले, "तीनशे ठरलंय." सौदा मोडणं त्याला जमण्यातलं नव्हतं.

मग मी दर महिन्याला तीनशे पाठवू लागलो आणि अधूनमधून भेटीला जाऊन भाव चढवू लागलो. माझ्या आयुष्यातली ही पहिलीच उलटी घासाघीस. मी चारशे म्हणायचो, तो मान हलवायचा. साडेचारशे म्हणायचो, तो माझ्या पोरांची चौकशी करायचा. पैशाने त्याचं काय भागतं, काय नाही, हे मला महत्त्वाचं राहिलं नव्हतं. त्याने एकदा, फक्त एकदा, माझ्याशी हुज्जत घालावी एवढंच हवं होतं. दीड वर्ष असं गेलं. एका भेटीत मी वैतागून ओरडलो, "लई झालं, अण्णा! शेवटचं सांगतो, चारशे घे!"

त्याने फोन दुसऱ्या कानाला लावला. "घेतो. पन संगट दर महिन्याला एक कार्ड पायजे. तुझ्या हातानं लिव्हलेलं."

"अर्धं कार्ड लिहीन."

"भरून लिव्ह बे. अर्ध्या कार्डाला पोस्ट काय अर्धे पैशे घेतंय?"

त्या दिवशी एसटीत माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला मी विनाकारण भजी खाऊ घातली.

कार्ड लिहायला बसलो तर बाजाराचे भाव, पाऊस, वहिनीची तब्येत एवढ्यात अर्धंच भरलं. उरलेल्या जागेत काय घालावं कळेना. मग लिहून टाकलं, "वाटणीत तू मला सात शेळ्या कमी दिल्यास." वीस वर्षांत पहिल्यांदा. टाकल्यावर पेटीत हात घालून ते परत काढावं असं वाटलं.

पंधरा दिवसांनी उत्तर आलं. ख्यालीखुशाली, आणि खाली एक ओळ: "सात न्हाई. तीन."

मी सहा लिहिलं. त्याने साडेतीन लिहिलं. अर्धी शेळी कशी द्यायची, ते मी विचारलेलं नाही. हे पाचावर येऊन ठरेल, हे त्यालाही माहीत आहे आणि मलाही. एका कार्डात मिटेल इतकी सोपी गोष्ट आहे. पण मिटवायला हवीच असं आता वाटत नाही. ज्या रागावर मी घर सोडलं, टेम्पो घेतले, तो आता दोन गावांमध्ये ये-जा करतो आहे, आणि महिन्याला एकेका आकड्याने झिजतो आहे. काळ बरंच काही नेतो. आमचं भांडण मात्र त्याने दोघांच्या मध्ये जपून ठेवलं, बरं झालं. शिक्षेची अजून चार वर्षं बाकी आहेत. ह्या महिन्याला मी पुन्हा सहाच लिहिणार आहे. घाई नाही.