चौथ्या बाजूची जाळी

ही पोस्ट मी तीन आठवडे टाळली. लिहायला बसलो की एक खोटं कबूल करावं लागतं, म्हणून.

सुमनमावशी गेली त्याला आज तीन आठवडे झाले.
आईची मोठी बहीण. कन्हानला एकटी राहायची. सोबतीला पाच कोंबड्या, एक कोंबडा. त्यातली लंगडी तिची लाडकी.

मी कुठंच टिकत नाही, तुम्हाला माहीत आहे. कॉलेज सोडलं, तीन नोकऱ्या सोडल्या. मावशीकडे दोन दिवसांसाठी गेलो आणि तिनं कामाला लावलं.

"टोपल्याखाली किती दिवस झाकू गा यायले? मागच्या अंगणात खुराडं बांध. समोर फिरायले जाळीचं आवार कर."

मला खिळा धड ठोकता येत नव्हता. यूट्यूब पाहिलं. नागपूरच्या इतवारी बाजारातून जाळी आणली. (तिथं वजनकाटे दुरुस्त करणारा एक म्हातारा दिसला, त्याच्यापाशी दीड तास बसलो. ते जाऊ द्या.)

मावशीनं जाळी दोन बोटांनी वाकवली.
"हे तं मच्छरदानी आहे. कोंबड्या निजवतं का हिच्यात?"

परत इतवारी. जाड जाळी.

मग तिनं खरं काम सांगितलं.
"मुंगूस दारातून येत नाही बापू, खालून उकरून येते. चारी बाजूनं हातभर खोल गाड. त्यानं नेली तं समजतेच. पिसं सोडून जाते."

तीन बाजू गाडल्या. हाताला फोड आले.
चौथ्या बाजूला कडुनिंबाचं मूळ लागलं, आणि तेवढ्यात मित्राचा फोन. पचमढीला चल.

फावडं तिथंच टाकलं. जाळी मातीवर टेकवली, वर दोन विटा.

"गाडली ना गा चौथी?"
"हो."

दहा दिवसांनी परतलो तर मावशी नागपुरात ॲडमिट. श्वास पुरत नव्हता. आई तिच्याजवळ, मी कोंबड्यांजवळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोजल्या. लंगडी नाही.
वीट सरकलेली, जाळी उचललेली, खाली भोक. आदल्या दिवशीच भिंतीवर मुंगूस पाहिलं होतं.

संध्याकाळी दवाखान्यात गेलो. मावशीनं तोंडावरचा मास्क बाजूला केला.

"सगळ्या आहेत ना? लंगडी?"
"आहेत."
"जाळी पक्की आहे ना?"
"आहे. तू नको बोलू."

तिनं डोळे मिटले. दोन दिवसांनी गेली.

तेव्हापासून मी कन्हानलाच आहे. उरलेल्यांना दाणे टाकतो, दिवसभर काठी घेऊन अंगणात बसतो. ते मूळ मात्र तसंच. आता गाडून कोणाला सांगू, असं होतं.

मावशी, चौथी बाजू गाडली नव्हती. तू विचारत राहिली, मी खोटं बोलत राहिलो.
माफ कर म्हणायची हिंमत नाही. सुखानं जा.

थांबा. कोंबडा ओरडून राहिला.

लंगडी आहे.

शेजारच्या रिकाम्या प्लॉटमधल्या झुडपातून आली. त्याच भोकापाशी उभी आहे. मागे पिल्लं. सात. नाही, आठ.

अंडी उबवायला बसली होती तिथं. त्या दिवशी भोकाजवळ एकही पीस नव्हतं. खरं सांगितलं असतं तर मुंगसानं नेली नाही, हे मावशीनं पडल्या पडल्या ओळखलं असतं.

फोन ठेवतो. आधी यांना आत घेतो. मग ते मूळ तोडतो.