भाच्याचा टॅक्स आणि पितृपंधरवडा

माझं केडगावचं ऑफिस म्हणजे एक खोली, एक कॉम्प्युटर आणि जुलैत दारात चपलांचा ढीग. शिक्षक, दुकानदार, पेन्शनवाले. सगळ्यांचा पहिला प्रश्न, रिफंड किती? वर्षभर झोपायचं आणि शेवटच्या आठवड्यात माझ्या उरावर बसायचं. मी ओरडतो, ते चहा मागवतात. पण त्या जुलैत मला नीट ओरडताही येईना, कारण फाइल घरचीच होती.

माझा भाचा, आक्काचा एकुलता एक. नगरच्या एमआयडीसीत इंजिनिअर. कंपनीनं त्याला दोन वर्षांसाठी आखातातल्या प्लांटवर पाठवलं. पगार तिकडंच, तिकडच्या बँकेत, आणि तिकडं इन्कम टॅक्स नाहीच. गडी खुशीत. "मामा, शून्य टॅक्स लिहा आणि मोकळे व्हा," असा फोन आला. मी म्हटलं, गप, आधी पासपोर्टवरच्या शिक्क्याचा फोटो पाठव.

कारण परदेशी नोकरीला जाणाऱ्याचा हिशेब पगारापासून सुरू होत नाही, मुक्कामापासून होतो. आर्थिक वर्षात एकशे ब्याऐंशी दिवस भारतात भरले की तुम्ही इथले रहिवासी, आणि मग जगात कुठंही कमावलेलं इथं मोजलं जातं. एप्रिलपासून धरलं तर सप्टेंबर संपायच्या आधीच विमानात बसायला हवं. त्याचं तिकीटही पंचवीस सप्टेंबरचंच होतं. शिक्का मात्र ऑक्टोबरचा निघाला. मी परत परत मोजलं. थोडक्या दिवसांनी एकशे ब्याऐंशीची रेघ ओलांडली होती.

"हे कसं झालं?" मी विचारलं. तो म्हणाला, "पितरं होती ना, मामा."

हो की. दाजींना जाऊन वर्ष उलटलं होतं. त्यांच्या तिथीला मुलगा घरी नाही, वर पंधरवड्यात परदेशी प्रयाण; मिरजगावात आक्कानं तोंड कुठं दाखवायचं? "बापाचं पान हाय. तू न्हाई तर कावळ्याला हाक कोन मारनार? घट बसले की जा," असं तिनं त्याला सांगितलं. त्यानं कंपनीकडून तारीख पुढं करून घेतली. मला कुणी विचारलं नाही. आमच्याकडं निघायचा दिवस भटजींना विचारतात, टॅक्सवाल्याला कोण विचारतो?

मी वाटा शोधल्या. दोन देशांमधला करार काढून वाचला. तो विचारतो, या माणसाचं घर कुठं, माणसं कुठं, ह्याचा जीव कुठं अडकलाय? सगळं मिरजगावच. तिकडं टॅक्स भरलेलाच नाही, तर इथं वजा काय करणार? सहा महिन्यांच्या पगारावर पूर्ण टॅक्स, वर व्याज. नगरला फ्लॅट घेऊन आईला तिथं आणायचं होतं त्याला. ते पैसे गेलेच म्हणायचे.

"मामा, जायची तारीख आधीची टाका ना. कोण बघतंय?"

माझं डोकंच फिरलं. "विमानतळावरचा शिक्का काय तुझा काका पुसणार आहे का?"

तोही भडकला. माझा फोन कापला आणि थेट आईला लावला. तिला काय बोलला ते मला आक्कानंच सांगितलं, दुसऱ्या दिवशी एसटीनं केडगावला येऊन. "म्हनला, तुझ्या पितरापायी माझं घर गेलं." ती रडली नाही. खुर्चीच्या काठावर बसून म्हणाली, "पोरगं घरी ऱ्हायलं म्हनून दंड बसला व्हय रं?"

"दंड नाही गं बाई, टॅक्स आहे." मी समजावलं. निघायचं ते वर्ष होतं म्हणून घोटाळा झाला. आता तो तिकडं आहे, सुट्टीला महिनाभर आला तरी काही होत नाही. ती मान हलवत राहिली, पण पटलं नव्हतं. "मागल्या टायमाला तरी कुनाला म्हाईत हुतं?"

मला तिचा राग आला, भाच्याचा त्याहून जास्त आला, आणि तरी तिला एसटीत बसवायला मी स्टॉपपर्यंत गेलो.

त्याच सप्टेंबरात त्यानं पितरांसाठी स्वतःहून सुट्टी काढली. टॅक्स भरून झाला होता, राग निवला होता, आणि आईला तसं बोललो हे त्याला खात होतं. फोनवर आक्का एकच घोशा लावून होती, येऊ नकू. तरी तो आला. वाटेत केडगावला मला गाडीत घेतलं आणि आम्ही मिरजगावला पोचलो.

आक्का दारात उभीच होती, हातात भाकरतुकडा. तो वाकून पाया पडला. तिनं तुकडा ओवाळून टाकला, त्याच्या पायांवर पाणी घातलं. तो आत पाऊल टाकणार, तोच तिनं हात आडवा धरला.

"परतीचं तिकीट कवाचं हाय?"

त्यानं माझ्याकडं बघितलं. तोंड एवढंसं झालं होतं. हळूच तारीख सांगितली. आक्का पुटपुटत बोटांची पेरं मोजू लागली. एकदा मोजली, पुन्हा पहिल्यापासून मोजली. मग हात खाली घेतला.

"बसतंय," म्हणाली. "ये आत."