बटणची कात्री

मी शिंपी आहे आणि रागीट आहे. दोन्ही गोष्टी आधीच सांगून टाकलेल्या बऱ्या, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळेच घडलं. बावीस वर्षं मी कात्री चालवतोय. कापडावर खडूची रेघ मारली की माझी कात्री तिच्यावरून सूतभरही हलत नाही, आणि हे ऐकणाऱ्याला ऐकवल्याशिवाय मला राहवत नाही. बायको म्हणते, तुमच्या बढाया मोजायला टेप पुरायचा नाही. ती दवाखान्यात रक्त तपासायच्या खोलीत काम करते. दिवसभर लोकांना सुया टोचते आणि घरी आली की मला टोचते.

आम्हाला एक मुलगी. वर्षाची असताना तिनं दुकानातलं शर्टाचं पांढरं बटण गिळलं. दोन दिवस आमचा जीव टांगणीला लागला होता. तिसऱ्या दिवशी ते बटण ज्या वाटेनं यायचं त्या वाटेनं सुखरूप बाहेर आलं आणि आमचा जीव भांड्यात पडला. तेव्हापासून तिला सगळे बटणच म्हणतात. तिचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत आहे.

बटण आता साडेपाच वर्षांची. बायको सकाळी सातला बाहेर पडते, त्यामुळे तिची वेणी घालायचं काम माझ्याकडे. माझ्या वेण्या शिवणीसारख्या सरळ येतात, फक्त घालताना तोंडात टाचण्या धरायची सवय असल्यामुळे मला बोलता येत नाही, आणि तेवढी दहा मिनिटं बटण एकटीच बोलते. शाळा सुटली की ती थेट दुकानात येते. कापायच्या टेबलाखाली चिंध्यांचं तिचं घर आहे. त्यात एक मोडकी रीळ राहते, ती तिची मुलगी. त्या रिळीला ती रागावते ते हुबेहूब माझ्या आवाजात.

ती डावखुरी आहे. चमचा डाव्या हातात, पेन्सिल डाव्या हातात, शेजारच्या कुत्र्याचा कान धरायचा तोही डाव्याच हातानं. त्यावरून आम्ही तिला कधी टोकलं नाही. हात चालतोय ना, मग कुठला का चालेना, असं माझं मत होतं. ह्या मतावर मी फार खूश होतो.

मग एक दिवस बालवर्गाच्या बाईंनी मला बोलावून घेतलं. बाई चांगल्या आहेत, मुलांना जीव लावतात. बटण वाचते छान, शंभरपर्यंत आकडे स्वतः म्हणते आणि अडलेल्यांना सांगतेही, असं त्यांनी आधी भरभरून सांगितलं. नंतर त्यांनी एक वही उघडली. कागदावर गोल काढून कापायचा होता. रेघ एकीकडे, कात्री भलतीकडे, कडा उंदरानं कुरतडल्यासारख्या.

"बोटांत अजून ताकद नाही तिच्या," बाई म्हणाल्या. "रोज थोडा थोडा सराव करा. ताकद आली की जमेल."

आणि नाही जमलं तर, असं मी विचारलं. तेव्हा कळलं की वरच्या वर्गात बरंच काम हातानं करायचं असतं, म्हणून वर्ष संपताना प्रत्येक मुलाकडून एक गोल कापून घेतात. ज्यांचे हात तयार नसतील त्यांना आणखी एक वर्ष बालवर्गातच ठेवतात. तीन आठवडे उरले होते. बटणच्या मैत्रिणी वर जाणार आणि ती खालीच राहणार, ही काळजी होतीच. शिवाय खरं सांगायचं तर लाजही वाटली. शिंप्याची मुलगी, आणि तिला कात्री येत नाही! बाई हसल्या नव्हत्या, पण मला त्या हसल्यासारख्याच वाटल्या.

त्याच दिवशी मी तिच्यासाठी नवी कात्री आणली. लहान, गोल टोकांची, बोटं घालायची दोन्ही भोकं सारखी. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा आमचा वर्ग भरायचा. मी रेघा मारायचो, ती कापायची, मी उसासे टाकायचो. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "बाबा, ही कात्री कागद गिळते." दुसऱ्या दिवशी म्हणाली, कात्री रेघेच्या मध्ये येते, मला रेघ दिसूच देत नाही. मी म्हटलं, नाचता येईना अंगण वाकडं. तिनं अर्थ विचारला. मी अर्धा तास फोड करून सांगितलं की ज्याला काम येत नाही तो हत्याराला नावं ठेवतो, आणि आपल्या घराण्यात असं कोणी करत नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि वाकून दुकानाची फरशी सरळ आहे का ते पाहिलं. त्यानंतर कात्रीबद्दल ती एक शब्द बोलली नाही.

मी तिला उजव्या हातानं कापायला लावून पाहिलं. ते तर आणखीच वाईट. दोन आठवड्यांत मुलीचं बोलणं निम्म्यावर आलं. वेणी घालतानाची दहा मिनिटं शांततेत जाऊ लागली. चित्रं काढायचं तिनं सोडून दिलं, आणि कोणी समोर आलं की ती डावा हात फ्रॉकखाली लपवायला लागली. बायकोच्या ते आधी लक्षात आलं. ती मला म्हणाली, "तुम्ही तिला शिकवताय की तिच्यावर इस्त्री फिरवताय?" मी म्हटलं, तू तुझ्या सुया सांभाळ.

परीक्षेला पाच दिवस राहिले होते. मी एका कोटाची कॉलर उजव्या हातानं ताणून धरून डाव्या हातानं तिच्यावर इस्त्री दाबत होतो आणि बटण टेबलापाशी बसून गोल कापत होती. मी मान वळवून पाहिलं. तोच कुरतडलेला कागद. माझं डोकं फिरलं.

"हात आहेत की लाकडं?" मी ओरडलो.

ओरडताना नजर तिच्यावर होती, आणि तापलेली इस्त्री जिथं कॉलर असायला हवी होती तिथं टेकली. तिथं माझ्या उजव्या हाताचा अंगठा होता. डोळ्यांपुढं काजवे चमकले. बटण उठली, धावत जाऊन माठाखालचं भांडं घेऊन आली, अर्धं पाणी वाटेत सांडलं, उरलेल्यात तिनं माझा हात धरून बुडवला. आणि मग मला विचारलं, "बाबा, आता तुझा पण हात खराब झाला?"

ती 'पण' म्हणाली. इस्त्रीनं भाजलं नसेल इतकं मला त्या एका शब्दानं भाजलं. आपला हात खराब आहे हे तिनं मानून टाकलं होतं, आणि ते तिला मी शिकवलं होतं. इतक्या दिवसांत तिला माझ्याकडून एवढं एकच नीट शिकता आलं होतं.

बायकोनं अंगठ्याला पट्टी बांधली आणि आठ दिवस कात्रीला हात लावायचा नाही असं बजावलं. पण कोटाचं काम अडलं होतं. दुसऱ्या दिवशी निदान खाकी कागदाचा नमुना तरी कापून ठेवावा म्हणून मी बसलो. माझी मोठी कात्री डाव्या हातात बसत नाही. तिची मूठच उजव्या अंगठ्याच्या बेतानं घडवलेली असते, हे कुठलाही शिंपी सांगेल. म्हणून मी बटणची लहान कात्री उचलली. तिची दोन्ही भोकं सारखी, कुठल्याही हातात घाला.

कागद कापलाच नाही. दोन पात्यांच्या मध्ये आडवा होऊन शिरला आणि मुडपला. मी पुन्हा दाबलं, पुन्हा मुडपला. डाव्या हाताला सवय नाही म्हणून सोडून दिलं असतं, पण रेघ पाहायला गेलो तर रेघ दिसेना. वरचं पातं नेमकं तिच्यावर येऊन बसलं होतं. मी टेबलाखाली वाकलो, बटणच्या घरातून तिचा कालचा गोल काढला आणि माझ्या तुकड्याशेजारी ठेवला. दोन्हींच्या कडा सारख्या कुरतडलेल्या. बावीस वर्षांचा कारागीर आणि साडेपाच वर्षांची पोर, आणि हात ओळखू येईना.

मग मी ती कात्री या हातातून त्या हातात घालून नीट पाहिली. उजव्या हातात अंगठा नकळत दोन्ही पाती एकमेकांवर दाबतो. डाव्या हातात तोच अंगठा ती एकमेकांपासून लांब ढकलतो. कात्रीचं उजवं-डावं मुठीत नव्हतं, पात्यांत होतं. दिसायला गरीब गाय असलेल्या त्या लहान कात्रीनं मला चांगलंच फसवलं होतं. बटणनं दोन वाक्यांत सगळं सांगितलं होतं. कात्री कागद गिळते, आणि रेघ दिसू देत नाही. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते दाखवणाऱ्या मुलीला मी म्हण ऐकवून गप्प केलं होतं. मी दुकानात एकटाच होतो, म्हणून रडून घेतलं.

संध्याकाळी धारवाल्याकडे गेलो. गल्लीच्या टोकाला त्याची टपरी आहे, माझ्या सगळ्या कात्र्यांना तोच धार लावतो. पाती उलटी बसवलेली कात्री असते का, म्हणून विचारलं. आधी तो म्हणाला, असली कात्री कोण बनवेल? मग त्यानं फळीच्या मागून एक गंजका डबा काढला. त्यात एक लहान कात्री होती. बारा वर्षांपूर्वी एक गिऱ्हाईक ती कापत नाही म्हणून त्याच्याकडे टाकून गेलं होतं. त्यानं तिला तीनदा धार लावली, खिळा बदलला, बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तरी ती कापेना. मी ती डाव्या हातात घेतली आणि त्याच्या वर्तमानपत्राचं पान वरपासून खालपर्यंत सरळ कापत नेलं.

धारवाल्यानं ते दोन तुकडे उचलून कडा जुळवून पाहिल्या. "म्हणजे बारा वर्षं मी हिला उगाच शिव्या घालतोय," तो म्हणाला. गंज काढून, तेल घालून, टोकं गोल करून त्यानं ती मला दिली.

घरी बटणनं कात्री पाहिली आणि हात फ्रॉकखाली नेला. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. माफी मागायची मला सवय नाही, त्यामुळे शब्द जुळवायला वेळ लागला.

"बटण, तुझा हात चांगला आहे," मी म्हटलं. "कात्री चुकीची होती. आणि बाबा चुकला."

"आपल्या घराण्यात कात्रीला नावं ठेवत नाहीत," ती म्हणाली.

"आजपासून ठेवतात."

तिनं हात बाहेर काढला. पहिली रेघ तिनं श्वास रोखून कापली. दुसरी कापताना जीभ बाहेर आली. तिसऱ्या रेघेला ती हसली. मग तिला आवरणं कठीण झालं. वर्तमानपत्र, जुनं कॅलेंडर, साबणाचं वेष्टण, आईची दवाखान्यातली यादी, जे दिसेल त्याचे गोल झाले. शेवटी तिनं स्वतःच्या केसांची एक बट कापली, तेव्हा बायकोनं कात्री काढून कपाटात ठेवली, आणि कपाटाकडे तोंड करून डोळे पुसले. मी रात्री तिच्या गणवेशाला एक नवा खिसा शिवला. डाव्या बाजूला, कात्रीच्या मापाचा.

परीक्षेच्या दिवशी आईवडिलांना मागे बसायला लहान खुर्च्या दिल्या होत्या. माझे गुडघे कानाला लागत होते. बाईंनी सगळ्यांना कागद वाटले. बटणनं शाळेची कात्री बाजूला सारली, डाव्या खिशातून आपली काढली आणि कापायला लागली. कागद फिरत होता, कात्री जागची हलत नव्हती. हे मी तिला शिकवलं नव्हतं, चांगले कारागीर असंच कापतात. गोल सुटा होऊन टेबलावर पडला. तिनं उरलेला वेळ वाया घालवला नाही. त्याच गोलाला कडेपासून आत आत कापत नेऊन लांबलचक साप केला आणि बाईंच्या हातात दिला.

बाईंनी साप उलगडून पाहिला. मग त्यांनी ती कात्री उचलली, उजव्या हातात घातली आणि एक कागद कापून पाहिला. कागद मुडपला. दुसऱ्यांदाही मुडपला. सगळा वर्ग बघत होता. बटणला त्यांची दया आली असावी.

"बाई, रोज थोडा थोडा सराव करा," ती प्रेमानं म्हणाली. "बोटांत ताकद आली की जमेल."

माझ्या शेजारी बायको तोंडाला पदर लावून हलत होती. बाईही हसल्या, अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग कात्री डाव्या हातात घालून पाहिली. त्यांनी वर्गाकडे वळून विचारलं, "डाव्या हातानं कोण कोण लिहितं?"

आधी कोणी हललं नाही. मग कोपऱ्यातला एक हात खांद्यापर्यंत आला. खिडकीपाशी बसलेल्या मुलीनं अर्धा हात वर केला आणि बोटं मिटून घेतली. बटणनं दोघांकडे पाहिलं. ती खुर्चीवर चढली, आणि इतके दिवस फ्रॉकखाली लपवलेला तो हात तिनं जेवढा उंच जाईल तेवढा उंच केला.

त्या दिवशी कात्री आमच्याबरोबर घरी आली नाही. त्या दोघांचे गोल कापून व्हायचे होते.