दवाखान्याची बाटली

पहिल्या बाळंतपणात मी तहानेनेच जाणार होते. ऐन उन्हाळा, बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, अंगात ताप, आणि सासूबाई पाणी देईनात. "बाळंतिणीले पाणी देल्लं का आंग सुजते," हे त्यांचं ठरलेलं उत्तर. फारच गयावया केली, तर घोटभर मिळायचं.

धानोऱ्याच्या दवाखान्यातली नर्सबाई मला तपासायला आली. माझे फुटलेले ओठ तिने पाहिले, पण सासूबाईंशी वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी तिने मोठी बाटली पाठवली, वर डोसांच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली. थोड्या थोड्या वेळाने डोस द्यायचा, एकही चुकवायचा नाही, असा निरोप होता.

पहिल्या घोटालाच मला कळलं, हे नुसतं उकळलेलं पाणी आहे. मी कडू लागल्यासारखं तोंड केलं आणि घटाघटा प्यायले. सासूबाई डोळ्यांत तेल घालून डोस पाजू लागल्या. अंगणात विहीर असताना माझे यजमान बिचारे रोज सायकलवरून धानोऱ्याहून पाणी वाहून आणत होते. ताप हळूहळू उतरला.

एकदा यजमान परगावी गेले आणि बाटली संपली. सासूबाईंनी तळाचा थेंब तळहातावर घेऊन चाखला. आता हेही बंद होणार, असं मला वाटलं. त्या उठून विहिरीवर गेल्या. पाणी आणून उकळलं, निववलं, बाटली गळ्यापर्यंत भरली आणि माझ्यापुढे धरली.

"घे," त्या म्हणाल्या, "डोस चुकून राह्यला तुया."